रॅकमध्ये बसणारा माइक प्रीॲम्प घरी केलाय, डबा कुठे करून मिळेल? (ठाणे / नवी मुंबई)

रिक्षाची_घंटी | १४ जून, रात्री ११:५२

मंडळी, नमस्कार.

वर्तकनगरला राहतो. गेली चार वर्षं आतल्या खोलीत श्राव्य पुस्तकं रेकॉर्ड करतोय. स्टुडिओ म्हणजे कपाटाला टेकवलेल्या गाद्या आणि बंद पंखा. माइक डायनॅमिक आहे, कारण कंडेन्सर लावला की रिक्षा स्टँडवरचं भांडणही पुस्तकात उतरतं. पण डायनॅमिकला गेन, म्हणजे आवाजाची वाढ, भरपूर लागतो. इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा) नॉब शेवटपर्यंत फिरवला की वाक्यांच्या मधल्या जागेत पावसासारखी सूंऽऽ ऐकू येते.

म्हणून माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा दोन चॅनेलचा प्रीॲम्प स्वतःच केला. आयएनए२१७ आयसी, प्लस-मायनस १५ व्होल्टचा सप्लाय, ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकला त्याच्याच तारेतून पुरवायची वीज). टेबलावर वायरी लोंबत असताना झकास चालतो. ६० डीबी गेनलासुद्धा शांत. पहिल्यांदा हेडफोन लावला तेव्हा माझ्याच मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक आली.

आता घोडं अडलंय डब्यापाशी. एक यू (रॅकच्या एका घराएवढ्या) उंचीचा, १९ इंची रॅकमध्ये, म्हणजे उपकरणं एकावर एक बसवायच्या चौकटीत, बसणारा हवाय. वागळे इस्टेटमध्ये तीन ठिकाणी विचारलं. पहिल्याने "किती नग?" विचारलं, मी "एक" म्हटल्यावर तो फोनवर बोलायला लागला, फोन वाजलेला नसताना. दुसऱ्याने किमान पन्नास सांगितले. तिसरा म्हणाला ड्रॉइंग दाखवा. वहीच्या पानावरचं दाखवलं तर हसला.

कोणी करून घेतलाय का? की हा सगळा उपद्व्याप सोडून तयार घ्यावा?

वाचनमात्र | १५ जून, सकाळी ७:१०

वाचतोय.

कट्ट्यावरचा | १५ जून, सकाळी ९:३४

एक बाळबोध शंका. आजकाल सगळं प्लगइनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्येच, मिळतं ना? मग पत्रे कापायचे कशाला?

ऐरोलीची_झांज | १५ जून, सकाळी १०:०५

@कट्ट्यावरचा, कॉम्प्रेसर, ईक्यू प्लगइनमध्ये मिळतात, मान्य. प्रीॲम्प कसा मिळणार? माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. कॉम्प्युटरच्या आत जाण्याआधीच ते वाढवावे लागतात. आत गेल्यावर वाढवलेस तर सूंसुद्धा तेवढीच वाढते.

@रिक्षाची_घंटी, मी असे सहा डबे करून घेतलेत, पहिले दोन भंगारात गेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुढची पट्टी ४८२.६ मिमी रुंद, हेच १९ इंच. एक यू म्हणजे ४४.४५ मिमी, पण पट्टी तेवढी उंच कापू नकोस, ४३.७ ठेव, नाहीतर वरच्या उपकरणाला घासते. माझा पहिला डबा ह्याच हिशेबात गेला. पूर्ण ४४.४५ कापला, पावडर कोटिंगचा थर चढला आणि रॅकमध्ये कानशीने घासून बसवायची वेळ आली. स्क्रूची भोकं आडवी ४६५ मिमी अंतरावर, उभी ३१.७५ वर. भोकं गोल नको, लांबट ठेव. मागचं धूड ४४० च्या आत ठेव, कारण रॅकच्या दोन खांबांमध्ये साधारण ४५०च मिळतात.

पुढची पट्टी ३ मिमी ॲल्युमिनियम, बाकी १.२ मिमीचा सीआरसी पत्रा. लोखंड जड होतं, पण ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र अडवायला तेच बरं.

आता तुझा खरा प्रश्न. फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊच नकोस, थेट लेझर कटिंगवाल्याकडे जा. रबाळे, महापे, वागळे, सगळीकडे आहेत. त्यांच्याकडे मोठ्या शीटमधून माल कापून झाला की कडेला पट्ट्या उरतात, त्यात तुझा एक नग सहज निघतो. फक्त डीएक्सएफ फाइल (कॉम्प्युटरवर काढलेलं ड्रॉइंग) घेऊन जा, वहीचं पान नको. आणि सकाळी गर्दीत जाऊन "शेठ, एकच पीस आहे" म्हणू नकोस. संध्याकाळी चहाच्या वेळेला जा. बेंडिंगवाला बहुतेक त्याच गल्लीत असतो.

पावसाळा आहे, कापलेला कच्चा पत्रा गॅलरीत ठेवू नकोस. दोन दिवसांत केशरी होतो.

सिंहगडचा_वारा | १५ जून, सकाळी ११:२०

आमच्या पुण्यात भोसरीला एक नगही करून देतात. दुपारी एक ते चार सोडून. (दिवे घ्या)

डोंबिवली_फास्ट | १५ जून, सकाळी ११:४१

@सिंहगडचा_वारा, इथे डबा करायचाय, लोकलचा नाही, पण धक्के तेवढेच बसतायत.

गंभीर सल्ला: भंगारात जुने नेटवर्क स्विच बघ. बरेचसे एक यूच असतात, कान लावायची भोकंही तयार. आतला बोर्ड काढून फेकायचा, पुढून नवी पट्टी लावायची. मी कुर्ल्याहून वजनावर आणले होते. दिसायला दरिद्री, पण रॅकमध्ये गेल्यावर मागचं कोण बघतंय?

नौपाड्याचे_काका | १५ जून, दुपारी ४:१५

धागा पाहून बरे वाटले. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त. ही १९ इंची मोजमापे तुमच्या स्टुडिओवाल्यांची नव्हेत, आमची. शंभर वर्षांपूर्वी टेलिफोन एक्सचेंजसाठी ती रूढ झाली. नंतर रेडिओ केंद्रे, रेकॉर्डिंगवाले, आता कॉम्प्युटरवाले, सगळे त्याच चौकटीत राहायला आले.

दोन सूचना. टोरॉइड (मेदुवड्यासारखा गोल) ट्रान्सफॉर्मर वापरला असेल तर मधला बोल्ट तपासा. एक यूमध्ये वर जागा नसते. बोल्टचे डोके तळाच्या पत्र्याला आणि दुसरे टोक झाकणाला टेकले, की पत्रा आणि बोल्ट मिळून ट्रान्सफॉर्मरला एक पूर्ण वेढा बसतो, तोही शॉर्ट झालेला. झाकण उघडे असताना सगळे उत्तम, झाकण लावले की फ्यूज उडतो. आमच्या एका सहकाऱ्याने दोन दिवस आणि अर्धा डझन फ्यूज घालवले होते. तो झाकणाला शिव्या देत होता, आणि गंमत म्हणजे दोष खरोखर झाकणाचाच होता.

दुसरे, पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर लगेच बंद करा. बल्ब मिळत नसल्यास माझ्याकडून न्या, घरात चार पडून आहेत, सौ. रोज फेकायला सांगते.

सूंसूं_कोपरखैरणे | १५ जून, रात्री ९:०२

काकांना +१.

ह्या निमित्ताने माझं पाप कबूल करतो. प्लस-मायनस सप्लायसाठी एलएम३१७ आणि एलएम३३७ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर वापरले. दिसायला दोघं जुळे भाऊ. उष्णता जावी म्हणून दोघांनाही थेट डब्याच्या पत्र्यावर आवळून टाकलं. ३१७ ची धातूची पाठ आतून आउटपुटला जोडलेली, ३३७ ची इनपुटला. म्हणजे एका झटक्यात प्लस १५ आणि कच्चे मायनस बावीस व्होल्ट दोन्ही अर्थवर! सिरीज बल्ब नव्हता. धूर होता. आई बाहेरून म्हणाली, "अरे, काही करपतंय का?"

खाली अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड घाला, स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग घाला आणि आवळून झाल्यावर मीटरने पाठ आणि डबा एकमेकांना भिडत नाहीत ना ते तपासा. आणि दोघांच्या पायांचा क्रमही वेगळा आहे. तेही पाप मी केलंय, पण ते दुसऱ्या दिवशी.

रिक्षाची_घंटी | १६ जून, सकाळी ८:२०

सूंसूं, 😂😂. माझा बोल्ट मोजला, झाकणापासून चार मिमी खाली आहे. काका, बल्ब न्यायला येतो, काकूंना सांगा एक तरी कमी होईल.

झांजताई, आणखी एक अडचण. गेनचा नॉब अर्ध्यापर्यंत फिरवला तरी काहीच होत नाही, आणि शेवटच्या इंचभरात अंगावर येतो. नॉबमागचा पॉट (फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स) खराब असेल का?

ऐरोलीची_झांज | १६ जून, सकाळी १०:४४

पॉट बिचारा बरोबर आहे. त्या आयसीचा गेन म्हणजे एक अधिक दहा हजार भागिले तुझा रेझिस्टन्स. १० किलोओहमचा साधा पॉट अर्ध्यावर असताना गेन फक्त तिप्पट, जेमतेम साडेनऊ डीबी. एक किलोओहम उरतो तेव्हा कुठे २० डीबी होतात. २० पासून ६० पर्यंतचा सगळा प्रवास नॉबच्या शेवटच्या दहाव्या हिश्श्यात! रिव्हर्स लॉग पॉट घे, किंवा माझं ऐकशील तर १२ घरांचा रोटरी स्विच लाव आणि पाच-पाच डीबीच्या पायऱ्या कर. दोन चॅनेल अगदी सारखे लावता येतात आणि परवा कुठल्या सेटिंगवर रेकॉर्ड केलं ते लिहून ठेवता येतं. स्विच मात्र पुढचं घर धरून मग मागचं सोडणारा घे, नाहीतर प्रत्येक पायरीला कानात फटाका.

फँटमचे ६.८ किलोओहमवाले रेझिस्टर जुळवलेस का? एका माइकच्या दोन तारांवरचे दोघे ०.४ टक्क्यांच्या आत जुळायला हवेत, म्हणजे २७ ओहमपेक्षा जास्त फरक नको. एक टक्कावाले वीस नग आणायचे आणि मीटर घेऊन जोड्या लावत बसायचं. कांदेपोहे कार्यक्रमच.

डोंबिवली_फास्ट | १६ जून, सकाळी ११:००

पत्रिका जुळली तरी पुढे तापायचं ते तापतातच.

तंबोरा_तुटका | १६ जून, दुपारी १:३०

ह्या आयसी कुठून आणता? मी ऑनलाइन स्वस्तात पाच मागवल्या. पाचही कुणीतरी घासून नवीन नाव छापलेल्या निघाल्या. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर नाव गायब.

सूंसूं_कोपरखैरणे | १६ जून, दुपारी २:१०

आयसी अधिकृत वितरकाकडूनच, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. बाकी स्विच, कनेक्टर, नॉब, स्क्रू ह्यासाठी लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, शटरं बघून परत याल. यादी करून जा आणि यादीतलं सगळं दुप्पट घ्या. एका एक्सएलआर (माइकच्या तारेच्या) सॉकेटसाठी मी अख्खी शनिवारची दुपार परत घातलीये.

कट्ट्यावरचा | १६ जून, दुपारी ३:५५

एवढ्यात तयार प्रीॲम्प घेऊन दोन पुस्तकं वाचून झाली असती.

नौपाड्याचे_काका | १६ जून, सायं. ६:१२

एवढ्यात खानावळीतही जेवता येते, तरी लोक घरी मोदक करतातच.

पितळी_कळसा | १७ जून, सकाळी ९:१५

मला वेगळाच किडा चावलाय. पुढच्या पट्टीवर नावं मराठीत का लिहू नयेत? गेन, पॅड, फेज, हे सगळं देवनागरीतही नको, सरळ मराठी शब्द. गेनला "वाढ", फेजला "उलट". पॅडला काय म्हणायचं?

तंबोरा_तुटका | १७ जून, सकाळी ९:४०

पॅडला "उशी" 😀

ऐरोलीची_झांज | १७ जून, सकाळी १०:०२

पॅड आवाज रोखून धरतो, म्हणून "लगाम". माझ्या कॉम्प्रेसरवर (आवाज फार चढला की दाबणाऱ्या यंत्रावर) मी आधीच केलंय! थ्रेशोल्ड "उंबरठा", अटॅक "झडप", रिलीज "सोड", रेशो "पट". मूळ यंत्र म्हणजे बिल पटनम यांनी १९६७ साली आणलेलं ११७६, त्याची घरगुती नक्कल. (त्याला उंबरठ्याचा नॉब नाहीच, उंबरठा ठरलेला असतो आणि इनपुट वाढवून तो ओलांडायचा. तो शब्द माझ्या दुसऱ्या डब्यावर आहे.) त्याची झडप २० ते ८०० मायक्रोसेकंद, आणि नॉब उजवीकडे नेला की आणखी जलद होते, आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलट. स्टुडिओत नवीन आलेला प्रत्येक मुलगा तिथे फसतो. मराठीत "झडप" लिहिल्यापासून एकही फसला नाही. का, ते मलाही कळलेलं नाही.

डोंबिवली_फास्ट | १७ जून, सकाळी १०:२०

दोन चॅनेलवर शेजारी शेजारी "वाढ", "वाढ" लिहिलं की पंगत बसल्यासारखं वाटेल. तिसरा चॅनेल केलास तर "पुरे".

रिक्षाची_घंटी | १७ जून, सकाळी १०:३३

ठरलं. "वाढ"च लिहिणार.

रिक्षाची_घंटी | २१ जुलै, रात्री १२:४०

महिनाभराने धागा वर काढतोय.

झांजताईच्या सांगण्यावरून संध्याकाळी पाचला रबाळ्याला गेलो. चहा सांगितला. लेझरवाल्याने उरलेल्या पट्टीतून डबा कापून दिला आणि वर म्हणाला, "पुढच्या वेळी आधी ड्रॉइंग पाठवा." बेंडिंग शेजारी. काळं पावडर कोटिंग झालं. पुढची पट्टी स्टेशनजवळच्या ट्रॉफी-नामफलकवाल्याने कोरून दिली. काल सगळं भरलं, बल्ब लावून चालू केलं, बल्ब मंद झाला, काकांची आठवण काढली.

आणि हेडफोन लावला तर घूंऽऽऽऽ. जाड, सतत, मुंज्यासारखी. टेबलावर उघडा असताना नव्हती! डब्यावर हात ठेवला की निम्मी होते, उचलला की परत येते. रडायचाच बाकी आहे.

इलेक्ट्रिकवाला_नाही | २१ जुलै, सकाळी ७:०५

सोपं आहे. प्लगची अर्थची जाड पिन काढून टाक. आमच्या बँडमध्ये सगळे तेच करतात, घूं बंद.

नौपाड्याचे_काका | २१ जुलै, सकाळी ७:३०

असले सल्ले कृपया देऊ नयेत. ती पिन घूं घालवण्यासाठी नाही, जीव वाचवण्यासाठी आहे. आत २३० व्होल्टची तार सुटून पत्र्याला लागली तर ती पिन फ्यूज उडवते. पिन नसेल तर पत्रा वाट पाहत बसतो, कोणी हात लावतंय का. माइकला ओठ लावून गाणाऱ्या माणसाचे काय होईल ते लिहीत नाही.

ऐरोलीची_झांज | २१ जुलै, सकाळी ८:५०

काकांना शंभर वेळा अनुमोदन. दोन यंत्रांच्या मध्ये अर्थचा लूप झाला असेल तर ऑडिओच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकतात. विजेच्या अर्थला हात लावत नाहीत.

घंटी, हात ठेवल्यावर कमी होते ना? म्हणजे डब्याचा कुठला तरी भाग अर्थला लागलेलाच नाही, आणि तू त्याचं काम करतोयस. प्लग काढ. मीटर बीपवर लाव. एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं एकेका पत्र्याला, झाकणालाही. काय ते लिही.

रिक्षाची_घंटी | २१ जुलै, सकाळी ९:१५

मागचा पत्रा: बीप.
तळ: बीप.
झाकण: नाही.
पुढची पट्टी: नाही!
स्क्रू तर सगळीकडे आहेत. आवळलेत.

ऐरोलीची_झांज | २१ जुलै, सकाळी ९:१८

पावडर कोटिंग!!! रंगाचा थर वीज जाऊ देत नाही. ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचंही तेच. तुझे पत्रे एकमेकांना चिकटलेत पण त्यांची बोलाचाल नाही. आतल्या बाजूने, जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे आणि स्क्रूच्या भोवती, पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत खरवडून काढ. दातेरी वॉशर लाव. एक्सएलआरची एक नंबर पिन बोर्डावर फिरवून आणू नकोस, तिथल्या तिथे पत्र्याला जोड.

सूंसूं_कोपरखैरणे | २१ जुलै, सकाळी ९:५०

आणि जी घूं उरेल ती नीट ऐक. जाडी, मऊ, ५० हर्ट्झची असेल तर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा अर्थ. खरखरीत, भुंग्यासारखी १०० हर्ट्झची असेल तर रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) बाजूला बघ.

रिक्षाची_घंटी | २२ जुलै, रात्री ११:०५

गेली!!! नव्वद टक्के तरी गेली. तासभर कोटिंग खरवडलं, नखं काळी झाली, सगळीकडे बीप.

उरलेली दहा टक्के मऊ होती, म्हणजे ५० हर्ट्झ. टोरॉइडचा बोल्ट सैल केला आणि तो जागच्या जागी हळूहळू फिरवायला लागलो (२३० ची सगळी टोकं स्लीव्हमध्ये आहेत काका, ओरडू नका). बायकोला हेडफोन देऊन शेजारच्या खोलीत बसवलं.

"आहे?"
"आहे."
"आता?"
"कमी झालं."
"आता?"
"वाढलं, वाढलं, मागे ने!"
"आता?"
...
"गेलं! हलू नकोस! तिथेच आवळ!"

मार्कर पेनने ट्रान्सफॉर्मरवर आणि तळावर एक रेघ मारून ठेवलीये.

नौपाड्याचे_काका | २३ जुलै, सकाळी ६:४५

ओरडतो आहेच, पुढच्या वेळी एक हात खिशात ठेवून काम करा.

बाकी, आमच्या चाळीच्या गच्चीवर रविवारच्या सिनेमाआधी अँटेना फिरवताना हाच संवाद तीन मजले ऐकू जायचा. फक्त मध्ये एक माणूस जिन्यात निरोप्या म्हणून उभा असायचा.

कट्ट्यावरचा | २३ जुलै, सकाळी १०:१०

बरं, हार मानली. खर्च किती आला ते तरी सांग.

रिक्षाची_घंटी | २३ जुलै, सकाळी १०:४०

आतले भाग साडेतीन हजार. कापणं, वाकवणं, कोटिंग, कोरणं मिळून चार हजार दोनशे. लॅमिंग्टन रोडच्या तीन खेपा, दोन मोडलेले ड्रिल, आणि बायकोला मामलेदारची मिसळ, तिने स्वतः ठरवलेला मेहनताना. म्हणजे डबा आतल्या सर्किटपेक्षा महाग. तयार घेतला असता तर फार काही जास्त गेले नसते. पण काल पहिलं प्रकरण त्याच्यावर रेकॉर्ड केलं, आणि दोन परिच्छेदांच्या मध्ये काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही. मी दोनदा तपासलं, केबल निघाली की काय म्हणून.

पितळी_कळसा | २३ जुलै, सकाळी ११:३०

पट्टीवर अक्षरं कशी आली?

रिक्षाची_घंटी | २३ जुलै, सकाळी ११:३८

"वाढ", "लगाम", "उलट", "४८" उत्तम. फक्त दुसऱ्या चॅनेलच्या "वाढ"मधला ढ त्याने जरा बारीक कोरलाय, लांबून "वाट" वाचलं जातं. तसंच राहू दिलं.

तंबोरा_तुटका | २३ जुलै, दुपारी १२:२०

डीएक्सएफ फाइल मिळेल का? मलाही करायचाय, चार चॅनेलचा.

रिक्षाची_घंटी | २३ जुलै, दुपारी १२:३१

संपर्कातून पाठवतो. मागच्या पत्र्यातलं फ्यूज होल्डरचं भोक अर्धा मिमी मोठं कर, मला कानशीने वाढवावं लागलं. आणि कोटिंगला देण्याआधीच सांध्याच्या जागी टेप लावून दे, म्हणजे खरवडणं वाचेल.